गुडघे दुखतात म्हणून थेट रंकाळ्यावर जाऊ नका: साठीनंतर सांध्यांच्या व्यायामाचा योग्य क्रम

घरोघरी जाऊन ज्येष्ठांकडून व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. कोल्हापुरातली मंगळवार पेठ असो, राजारामपुरी असो की कसबा बावडा, पहिल्या भेटीत ऐकू येणारी हकिकत बहुतेक एकच असते. गुडघं धरायला लागलं, कुणीतरी सांगितलं 'चालायला लागा', लेकानं बूट आणून दिले आणि पहिल्याच दिवशी रंकाळा तलावाची अख्खी फेरी झाली. दुसऱ्या दिवशी उत्साहात पुन्हा फेरी. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला, चौथ्या दिवशी जिना चढवेना. मग घरात ठरून जातं की यांना व्यायाम मानवत नाही.

व्यायाम मानवतो, क्रम चुकलेला असतो. चालणं हा या कामातला शेवटचा टप्पा आहे आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. गुडघ्याला सावरून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू. दुखरा पाय वर्षानुवर्षं जपून टाकल्यानं तो आधीच बारीक झालेला असतो. तो कमजोर असताना हजारो पावलं टाकली तर प्रत्येक पावलाचा हिसका सांध्याला बसतो. म्हणून आधी अंथरुणात, मग खुर्चीवर, मग ओट्याला धरून उभं राहून, आणि त्यानंतरच रस्त्यावर. पहिल्या तीन टप्प्यांना साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. कुणाला दहाही लागतात, त्यात काही बिघडत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. 'गुडघं झिजलंय, वापरलं तर आणखी झिजंल' म्हणून काही जण दिवसभर कॉटवर बसून राहतात. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो तेव्हा आतलं वंगणासारखं पाणी तिच्यात दाबलं जातं आणि बाहेर येतं, त्यातूनच तिचं पोषण होतं. सांधा हललाच नाही तर ते पोषण कमी पडतं, आणि स्नायू आणखी वाळतात ते वेगळंच.

## आधी डॉक्टरांना कुणी विचारायचं

खालीलपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

- सांधा लाल, गरम आणि सुजलेला आहे, सोबत ताप आहे.
- पडल्यापासून दुखतंय आणि त्या पायावर भार देता येत नाही.
- एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं आलंय. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.
- सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकतो आणि दोन्ही हातांची बोटंही सुजतात. हे झिजेचं दुखणं नसून संधिवाताचा वेगळा प्रकार असू शकतो, त्याची औषधं वेगळी असतात. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो.
- छातीत दुखतं, थोड्या कामानं दम लागतो, चक्कर येते.
- खुबा किंवा गुडघा बदललाय. किती वाकायचं आणि पाय कुठवर न्यायचा याची मर्यादा शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम नको. खिशात साखरेची पुडी असू द्या. संध्याकाळी तळपाय एकदा नीट बघा, कारण मधुमेहात बधिरपणामुळे फोड आलेला कळत नाही.

## तयारी: खुर्ची, जागा, पायात काय, आणि वेळ

खुर्चीपासून सुरू करते, कारण मी जिथे जाते तिथे ती चुकीची असते. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते आणि माणूस खाली बसतो तो थेट जमिनीवर. लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्याच्या पातळीत किंवा किंचित खाली असले पाहिजेत. गुडघे वर येत असतील तर खुर्ची बुटकी आहे, घडी घातलेली चादर किंवा टणक उशी खाली घाला. मऊ सोफा या कामाचा नाही.

जागा मोकळी हवी. पायपुसणं, सतरंजीची दुमडलेली कड, मोबाइलच्या चार्जरची वायर आधी उचला.

पायातल्या चपलेबद्दल जरा परखड बोलते. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान आहे, लग्नाकार्यात जरूर घाला. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, टाचेला मागून धरायला काही नसतं, आणि ओल्या फरशीवर चामडं घसरतं. व्यायामाला आणि चालायला टाच बांधून धरणारा, पुढे बोटांना जागा देणारा बूट हवा. घरात व्यायाम करताना अनवाणी चालेल, पण नुसते मोजे घालून उभं राहायचं नाही.

उठल्याउठल्या लगेच व्यायाम नको. त्या वेळी सांधे सर्वांत आखडलेले असतात, थंडीच्या दिवसांत तर जास्तच. उठा, तोंड धुवा, चहा घ्या, घरातल्या घरात थोडं फिरा, अर्ध्या तासानं सुरू करा. आखडलेपणा फार असेल तर गरम पाण्याच्या अंघोळीनंतर करा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन बांधून ठेवा. का, ते पुढच्या भागात.

## दुखण्याचं माप आधी शिका

हा भाग लोक सोडून देतात, आणि सगळं इथेच बिघडतं. 'दुखलं की थांबायचं' असं मानलं तर काहीच होत नाही, 'दुखलं तरी करायचं' असं मानलं तर गुडघा सुजतो. मधली वाट मापाची आहे.

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. व्यायाम करताना आकडा ३ पर्यंत असेल तर चालू ठेवा. ४ किंवा ५ वर गेला तर वेग आणि वेळा कमी करा. ५ च्या पुढे गेला तर तो व्यायाम त्या दिवशी बंद.

दुसरी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तिला मी जास्त महत्त्व देते. व्यायामानं वाढलेलं दुखणं २४ तासांत मूळ जागी आलं पाहिजे. आलं नाही किंवा गुडघा फुगलेला दिसला, तर काल जास्त झालं. आज निम्म्यावर या. म्हणूनच कॅलेंडर: रोज त्या तारखेच्या चौकोनात दोन आकडे लिहायचे, व्यायाम करतानाचा आणि आज सकाळचा. आठवडाभराचे आकडे बघितले की कुणाला विचारायची गरज उरत नाही.

आणखी एक फरक ओळखायला शिका. मांडीत किंवा पोटरीत ठणका, भरून आल्यासारखं वाटणं ही स्नायूला काम लागल्याची खूण आहे. नव्या व्यायामानंतर ती दोन-तीन दिवस राहू शकते. गुडघ्याच्या वाटीच्या आत, सांध्याच्या रेषेवर टोचल्यासारखी कळ मारत असेल तर ते सांध्याचं दुखणं. पहिल्याला घाबरू नका, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू नका.

## टप्पा १: अंथरुणात (पहिले दोन आठवडे)

टणक गादीवर किंवा दिवाणावर पाठीवर झोपून, दिवसातून दोन वेळा.

१. घोटे वर-खाली. पंजा स्वतःकडे ओढा, मग लांब करा. २० वेळा.

२. टॉवेल दाबणं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा. गुडघ्यानं ती गादीत दाबा, मांडी घट्ट होऊ द्या. मोठ्यानं पाच अंक मोजा, सोडा. प्रत्येक पायानं १० वेळा. मोठ्यानं मोजायचं कारण असं, की मनात मोजणारे श्वास रोखून धरतात आणि श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब चढतो.

३. टाच सरकवणं. टाच गादीवरून कमरेकडे ओढत गुडघा जमेल तेवढा दुमडा, सावकाश सरळ करा. १० वेळा. हातानं ओढून आणखी दुमडू नका.

४. सरळ पाय उचलणं. एक गुडघा दुमडून तळवा गादीवर टेकवा. दुसरा पाय ताठ ठेवून वीत-दीड वीत उचला, पाच मोजा, हळूच खाली. ५ वेळांपासून १० वर न्या.

नेहमीच्या चुका: दोन्ही पाय एकदम उचलणं (कंबर धरते), पाय छताकडे नेणं (मांडीला काम कमी पडतं), आणि पाय धपकन सोडून देणं. खाली आणतानाचं काम उचलण्याइतकंच मोलाचं आहे.

जाता जाता एक: बरं वाटतं म्हणून रात्रभर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय अनेकांना असते. त्यानं गुडघा दुमडलेलाच राहायला शिकतो, मग पूर्ण सरळ होत नाही, आणि वाकलेल्या गुडघ्यानं चालणं जास्त थकवतं. गुंडाळी फक्त व्यायामापुरती.

पुढे जाण्याआधी तपासा: सरळ पाय उचलताना गुडघा न वाकता १० वेळा होतंय का? सलग तीन दिवस सकाळचा आकडा वाढलेला नाही ना? दोन्हींचं उत्तर हवं तसं असेल तरच खुर्ची.

## टप्पा २: खुर्चीवर (तिसरा-चौथा आठवडा)

टप्पा १ मधले पहिले तीन आता दिवसातून एकदाच करा, चौथा चालू ठेवा.

१. बसून पाय सरळ करणं. पाठ टेकवून बसा. एक पाय समोर सरळ करा, पाच मोजा, खाली. प्रत्येकी १० वेळा. घोट्याला वजन बांधायची घाई नको.

२. मांडीच्या मागचा ताण. खुर्चीच्या कडेला या, एक पाय पुढे सरळ, टाच जमिनीवर. पाठ ताठ ठेवून कमरेतून थोडं पुढे झुका. मांडीमागे ओढ जाणवली की थांबा, २० ते ३० अंक मोजा. दोन-तीन वेळा. हिसके द्यायचे नाहीत. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठीला बाक काढून वाकणं कटाक्षानं टाळा.

३. खुर्चीतून उठ-बस. एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. संडासातून उठणं, रिक्षातून उतरणं, केएमटीच्या बसची उंच पायरी चढणं, सगळ्यांत हीच ताकद लागते. क्रम असा:

- खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर या.
- पावलं खुब्याच्या रुंदीइतकी दूर, आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या.
- पाठ ताठ ठेवून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत.
- टाचा दाबत उठा, पूर्ण सरळ व्हा, क्षणभर थांबा.
- चार मोजत खाली बसा.

सुरुवातीला खुर्चीच्या हातांवर हात टेकवा आणि बसण्याची जागा उशीनं उंच करा. ५ वेळांपासून १० वर जा. मग उशी काढा, त्यानंतर एका हाताचा आधार, शेवटी दोन्ही हात छातीवर. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा.

चुका: उठताना दोन्ही गुडघे आत एकमेकांकडे जातात. ते दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. घरच्या माणसानं समोर उभं राहून हे बघावं, स्वतःला कळत नाही. पुढे न झुकता ताठ बसून उठायचा प्रयत्न केला तर सगळा भार वाटीवर येतो.

कोल्हापुरात तालमीत घाम गाळलेली माणसं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची अडचण वेगळी असते. सत्तरी ओलांडलेले एक आबा मला म्हणाले, "पोरी, खुर्चीवरनं उठायला व्यायाम म्हंत्यात व्हय? आम्ही हजार बैठका मारल्यात." मी त्यांना हात छातीवर ठेवून, चार मोजत बसायला सांगितलं. पाचव्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या. ते गप्प झाले, आणि मग मनापासून करायला लागले. त्यांच्या जुन्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण पूर्ण खाली जाणाऱ्या बैठकीत गुडघा शेवटपर्यंत दुमडतो आणि वाटीमागे दाब फार वाढतो. झिजलेल्या सांध्यानं ती आता करायची नाही. खुर्चीची उंची हीच खालची मर्यादा.

४. खांदे आणि बोटं. खांदे मागे गोल फिरवा, १० वेळा. मूठ हलकी मिटा, बोटं पूर्ण पसरा, १० वेळा. गरम पाण्यात हात बुडवून केलं तर सोपं जातं.

पुढे जाण्याआधी तपासा: हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा, शेजारी कुणीतरी उभं असू द्या. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी जमत असेल, ७० ते ७४ मध्ये अनुक्रमे १२ आणि १० पेक्षा कमी, ७५ ते ७९ मध्ये अनुक्रमे ११ आणि १० पेक्षा कमी, तर पायांची ताकद वयाच्या मानानं कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे. अशांनी हा टप्पा आणखी दोन आठवडे लांबवावा. हाताच्या आधाराशिवाय एकदाही उठता येत नसेल तर टप्पा ३ मध्ये सोबत माणूस हवाच.

## टप्पा ३: ओट्याला धरून उभं (पाचवा-सहावा आठवडा)

स्वयंपाकघराचा ओटा हलत नाही, उंचीही बरोबर असते. गॅस बंद करा, फरशी कोरडी आहे ना बघा.

१. टाचा उचलणं. दोन्ही हात ओट्यावर, टाचा वर, दोन मोजा, हळू खाली. १० वेळा.

२. पाय बाजूला नेणं. पाय ताठ, बोटं समोर, अर्धा फूट बाजूला, परत. प्रत्येकी ८ ते १०. धड दुसऱ्या बाजूला झुकत असेल तर पाय कमी न्या. खुब्याच्या बाजूचा स्नायू यानं सुधारतो आणि डुलत चालणं कमी होतं.

३. तोल. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत उभे राहा. बोटं ओट्यावर टेकलेली. १० मोजा. जमलं की बोटं उचलून ओट्याच्या वर हवेत ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ वर्षांपुढच्यांसाठी ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस आणि तोल-ताकदीचा मिश्र व्यायाम किमान ३ दिवस सांगितला आहे. तोलाकडे आपण जवळजवळ लक्षच देत नाही, आणि न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडल्यावर आठवण होते.

सावधान: डोळे मिटून तोल साधायचा प्रयोग घरी एकट्यानं करू नका. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

## टप्पा ४: आता चालणं

मिनिटं मोजा, फेऱ्या नव्हे. रंकाळ्याची खरी अडचण तळ्याच्या आकारात आहे. निम्मी फेरी झाल्यावर गुडघा बोलू लागला तर पुढे जा नाहीतर मागे या, अंतर तेवढंच. म्हणून फेरी मारायची नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं जायचं, वळायचं, त्याच वाटेनं परत यायचं. सकाळचा आकडा स्थिर असेल तर दर आठवड्याला एकूण दोन-तीन मिनिटं वाढवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आठवड्याला १५० मिनिटं हे लांबचं लक्ष्य, तेही तुकड्यातुकड्यानं चालतं. सकाळी १० आणि संध्याकाळी १० मिनिटं ही सलग २० मिनिटांपेक्षा दुखऱ्या गुडघ्याला सोपी जातात.

वाट सपाट निवडा. शिवाजी विद्यापीठाचा परिसर झाडीचा आणि शांत आहे, पण चढ-उतार बघून वाट ठरवा. उतार गुडघ्याला चढापेक्षा जड जातो. पंचगंगा घाटाच्या आणि जोतिबाच्या पायऱ्या व्यायाम म्हणून करायच्या नाहीत. दर्शनाला जायचंच तर आधाराला माणूस, मध्ये विसावा, आणि दुसऱ्या दिवशी चालण्याला सुट्टी.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बाहेरच्या फरशीवर शेवाळ धरतं. त्या दिवसांत सोप्यात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये चाला. घसरून पडण्यापेक्षा ते हजारपट बरं.

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरणारे दहापैकी आठ जण मला भेटतात. ती विरुद्ध हातात धरायची: उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकदम पुढे. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथपर्यंत काठीची मूठ यावी.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय घेत.

## घरात रोज होणाऱ्या चुका

व्यायाम वीस मिनिटांचा, उरलेला दिवस मात्र मोठा असतो. पाटावर मांडी घालून तासभर पूजा, बुटक्या स्टुलावर बसून भांडी, उकिडवं बसून भाजी निवडणं, यांत गुडघा पूर्ण दुमडून दबून राहतो. देवघर थोडं उंच करून खुर्चीवर बसून पूजा होते, देव काही रागावत नाही. कमोडवर उंच बैठक बसवून घ्या, भिंतीला आधाराची दांडी लावा. टीव्ही बघताना दर अर्ध्या तासानं उठून दाराशी जाऊन या.

वजन जास्त असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा: शरीराचं १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं उतरतो.

गुडघ्याचा पट्टा प्रवासात किंवा गर्दीत आधार देतो. दिवसरात्र बांधून त्याच्या भरवशावर व्यायाम सोडला तर मांडी आणखी बारीक होते.

## गुडघा सुजला तर

सुजलेल्या, गरम गुडघ्याला गरम तेल लावून जोरात चोळायचं नाही. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. चालणं आणि उठ-बस दोन दिवस बंद, फक्त घोटे हलवणं आणि टॉवेल दाबणं चालू. सूज उतरली की टप्पा १ पासून तीन दिवस, मग आधी जिथे होता त्याच्या निम्म्यावर. तीन-चार दिवसांत सूज उतरली नाही, गुडघा अडकून बसला किंवा पाय अचानक लटपटून दगा देऊ लागला, तर दाखवून घ्या.

## खंड पडला तर

लग्नसराई, गावची जत्रा, ताप, पाहुणे, काही ना काही निघतंच. तीन-चार दिवस चुकले तर जिथे होता तिथूनच, पण निम्म्या वेळांनी सुरू करा. दोन आठवड्यांहून जास्त गेले तर एक टप्पा मागे या. आजारपणात महिनाभर अंथरुणात गेला असेल तर टॉवेलच्या गुंडाळीपासून. या वेळी पहिल्यापेक्षा लवकर पुढे सरकाल, पण दर टप्प्याची तपासणी वगळू नका, आणि कॅलेंडरवर पहिल्याच दिवसापासून दोन्ही आकडे पुन्हा लिहायला लागा.